अठराचा उशीर

दशांशबाईंचं लग्न एका आकड्याशी झालं, असं त्यांच्या कचेरीत म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नवऱ्याचं तोंड पाहायच्या आधी चार महिने बाईंना त्याचा आकडा पाठ होता. तो अठरा होता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला लॉटरीचा प्रकार वाटायचा. गावाबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा होती. तिथली दुर्बीण आभाळभर फिरणारी नव्हती. दोन दगडी खांबांच्या मधे ती आडव्या दांड्यावर टेकलेली होती आणि फक्त वर-खाली होई, उत्तर-दक्षिण रेषेत. डावी-उजवीकडे बघायची तिला मुभाच नव्हती. ताऱ्याच्या मागे धावायचं नाही, तारा त्या रेषेवर येईपर्यंत वाट बघायची, एवढंच तिचं काम. आत भिंगासमोर कोळ्याच्या जाळ्याचे उभे धागे ताणून बसवलेले असत. तारा एकेक धागा ओलांडी, तेव्हा निरीक्षकाने हातातलं बटण दाबायचं. ते दाबलं की शेजारच्या खोलीत सरकत्या कागदी फितीवर टिंब उठे. घड्याळाचं टिंबही त्याच फितीवर सेकंदासेकंदाला उठत असे. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी गणकखोलीत ती फीत पट्टी लावून मोजली, की तारा नेमका केव्हा रेषेवर आला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळे. त्यावरून ताऱ्याची आभाळातली जागा ठरे. असे हजारो तारे मोजायचे, त्यांची यादी छापायची, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी तेच तारे पुन्हा मोजून कोण किती सरकलं ते सांगायचं. मोजणारा ते ऐकायला बहुतेक नसतोच.

या सगळ्यात अडचण होती ती माणसाची. तारा धाग्यावर आलेला डोळ्याला दिसतो आणि बोट बटण दाबतं, यात थोडा वेळ जातोच. कुणाचा कमी जातो, कुणाचा जास्त, पण ज्याचा त्याचा ठरलेला असतो. तो उशीर दर वर्षी मोजून ठेवत आणि हिशेबातून वजा करत. गणकखोलीतल्या बायका निरीक्षकांना त्या उशिरानेच ओळखत, कारण माणसं रात्री वर आणि बायका दिवसा खाली. गाठ पडायची कशी? चोवीस म्हणजे पाव सेकंदाला जरा कमी उशीर करणारा, तो संध्याकाळी येऊन घड्याळाची चूक ठरवून जाई. एकतीस जेवून आला की एकतीसचा पस्तीस होई. आणि सेकंदाचे अठरा शतांश उशीर करणारा, सगळ्यांत चपळ, तो अठरा.

अठराच्या फितीत एक खोड होती. तारा सगळे धागे ओलांडून गेला की पुढे दोन टिंबं जादा असत, टिक टिक. बाई तेव्हा नव्या होत्या, चोवीस वर्षांच्या, आणि चुकीचं टिंब दिसलं की त्यांना रात्री झोप लागत नसे. दशांशबाई हे नाव त्यांना पहिल्या आठवड्यातच पडलं होतं. चार महिने त्यांनी ती टिंबं सोसली. पाचव्या महिन्यात फितींचं भेंडोळं काखेत मारून त्या टेकडी चढल्या. दुपारची वेळ होती. एक लांबट, विस्कटलेल्या केसांचा माणूस दुर्बिणीच्या खोलीत स्टुलावर बसून, चिमट्याने कोळ्याचा धागा बसवत होता.

"अठरा तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"कधीपासून?" त्याने मान वर न करता विचारलं. बिचाऱ्याला आपलं नाव माहीतच नव्हतं.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि मग दरडावून विचारलं, "तारा गेल्यावर ही दोन टिंबं कशाची?"

"निरोपाची," तो म्हणाला. "एवढा लांबून येतो बिचारा. 'बरंय' म्हणायला नको?"

"निरोपापायी फीत फुकट जाते. आणि आम्हाला मोजत बसावं लागतं."

"मग मोजू नका ना."

"दिसलं की मोजावंच लागतं," बाई म्हणाल्या आणि तडक खाली आल्या. कान मात्र गरम झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून ताऱ्यांमागची टिंबं बंद झाली. पण रात्रीच्या शेवटच्या ताऱ्यानंतर, फीत संपता संपता, दोनच टिंबं आली. ती कुणासाठी आहेत हे गणकखोलीतल्या आठही बायकांना कळलं. बाईंना सगळ्यांत शेवटी कळलं, असं त्या सांगत. त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. सहा महिन्यांत लग्न झालं.

आणि लग्न झालं म्हणजे काय झालं? नवरा तिन्हीसांजेला टेकडी चढायचा तो पहाटे उतरायचा. बायको साडेआठाला कचेरीत जायची ती सहाला यायची. दाराशी त्यांची गाठ पडे, एक जोडे काढतोय आणि दुसरी चहाचं आधण ठेवतेय अशी. तो जांभया देत रात्रीच्या गमती सांगे, ती ऐकता ऐकता वेणी घाली, आणि मग तो झोपे आणि ती जाई. कचेरीत जाऊन ती त्याचीच फीत उलगडे. नवरा रात्री किती वाजता शिंकला हेसुद्धा तिला फितीवरून कळत असे, कारण तिथे एक धागा चुकलेला असे. शेवटी ती दोन टिंबं असत. इतर बायकांचे नवरे संध्याकाळी घरी येऊन पेपरात तोंड खुपसून बसत आणि त्या बायका त्याबद्दल कुरकुर करत. बाईंना त्यांचा हेवा वाटे. पेपरात का होईना, तोंड घरात तर होतं. एकदा त्यांनी, सवयच ती, मोजून पाहिलं होतं: पंधरा वर्षांच्या संसारात दोघं एकाच घरात आणि दोघंही जागे, असे तास जेमतेम दोन वर्षांचे भरले. मूलबाळ झालं नाही. "आभाळच फार स्वच्छ, त्याला कोण काय करणार," असं एकतीसची बायको म्हणाली होती, आणि बाई सगळ्यांबरोबर हसल्या होत्या.

त्यामुळे ढग आले की बाईंचा जीव सुपाएवढा होई. वेधशाळेत ढगांना शिव्या पडत, मोठे साहेब खिडकीशी उभे राहून वैतागत, आणि बाई मान खाली घालून चेहरा लपवत. "बघा बघा, आज बाईंचे आकडे गाणं म्हणतायत," अशी चेष्टा चाले. तरी स्वतः बाई कधी वर बघत नसत. दिवस मावळला की आभाळाकडे मान म्हणून वर करायची नाही, असा त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पणच केला होता. "सवतीचं तोंड कोण बघतं?" असं त्या म्हणत. दुसरं खरं कारण हे, की बघितलं आणि स्वच्छ निघालं तर उरलेली संध्याकाळ काढणं कठीण. न बघता आशा तरी धरता येते. पायऱ्यांवर दोन-दोन करत चढणारी पावलं वाजली, की ढग आहेत असं त्या समजत.

"ढग आले," तो दारातूनच सांगे. आत आला की आधी खिडक्यांचे पडदे ओढून घेई. थंडी वाजते म्हणे. मग ओट्याशी स्टूल ओढून बटाटे सोलायला बसे. त्याने सोललेला बटाटा निम्माच उरे. रात्री झोपायची त्या माणसाला सवयच नव्हती, म्हणून तो जागा राही, आणि मग बाईही जाग्या राहत. पलंगावर बसून तो त्यांचं मनगट हातात धरी, अंगठ्याखाली नाडी पकडी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोके देई, तारा आल्यासारखा.

"उशीर होतोय," बाई म्हणत.

"किती?"

"अठरा."

हा त्यांचा विनोद होता. दुसऱ्या कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत बाई पेंगत, आठवड्यातून एखादी बेरीज चुकत, आणि सगळी खोली एकमेकींना कोपर मारी.

पंधराव्या वर्षीच्या हिवाळ्यात आकडा हलला.

अठराच्या वाट्याला आभाळाचा एक अरुंद पट्टा आलेला होता. त्यातले साडेचार हजार तारे, एकेक चार-चार वेळा, अकरा वर्षं तो मोजत होता. थोडेथोडके सहाशे बेचाळीस उरले होते. "हा पट्टा संपला ना, की मी घरी," असं तो दर वर्षी म्हणे, आणि बाई "हो, आलात" असं म्हणत. त्या हिवाळ्यात मात्र शेवट खरंच दिसत होता.

रोज रात्र संपताना निरीक्षकाने तीन ओळखीचे तारे टिपायचे, असा नियम होता. ओळखीचे म्हणजे ज्यांची जागा आधीच पक्की माहीत आहे असे. त्यांच्यावरून निरीक्षकाचा उशीर त्या रात्री नेहमीएवढाच होता की नाही ते समजे. फरक पाचाच्या वर गेला तर लाल शाईने खूण करून कागद मोठ्या साहेबांकडे जाई, आणि साहेब त्या माणसाला दुर्बिणीवरून उतरवत. यात कुणाची भीडमुर्वत नव्हती. एकतीस तसाच उतरला होता आणि आता भांडारात कागद मोजत होता.

बाईंनी फीत मोजली. अठराचे चोवीस आले होते. त्यांनी पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा. चोवीसच. शेवटची दोन टिंबंही नेहमीपेक्षा लांब लांब पडली होती.

सकाळी दाराशी तो म्हणाला होता, "बोटं आखडतात गं थंडीने. बटण दाबायचं म्हणजे आधी बोटाला सांगावं लागतं."

म्हणजे थंडी नव्हती ती. बाईंना ते आकड्यांत दिसलं, कुठल्याही डॉक्टरच्या आधी. आणि त्याच क्षणी दुसरंही काही दिसलं, ते सांगायला त्यांना पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. लाल पेन टेबलावर होतं. एक खूण, की नवरा उद्यापासून घरी. रोज संध्याकाळी, आभाळ कसंही असो. पंधरा वर्षं जे मागितलं ते हाताशी येऊन बसलं होतं, आणि नियमाने तेच करायला हवं होतं. बाईंनी पेन उचललं. त्यांना नवरा हवा होता. मग डोळ्यासमोर भांडारात कागद मोजणारा एकतीस आला. सहाशे बेचाळीस आले. पेन खाली ठेवून त्यांनी रकान्यात आपल्या सुबक अक्षरात अठरा लिहिलं. आयुष्यातला पहिला खोटा आकडा.

दुसऱ्या दिवशीही लिहिला. पुढे उशीर एकोणतीस झाला, तेहतीस झाला, हिवाळा सरता सरता एकेचाळीस. बाई कागदावर अठराच लिहीत राहिल्या आणि खरा आकडा घरी येऊन एका निळ्या वहीत, तारीख घालून. कारण बाईंचा हिशेब सरळ होता: खोटं लिहायचं तर खरं कुठेतरी हवंच, नाहीतर खोटं नेमकं किती लिहिलं ते कसं कळणार?

थंडी संपता संपता पट्टा पुरा झाला. तीन आठवड्यांनी अठराच्या हातातून चहाचा कप पडला आणि मग हात उचललाच गेला नाही. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. पावणेदोन महिने तो घरी होता, दिवसा आणि रात्री, आणि बाई मनगट पुढे करत, पण ठोका द्यायला बोट उठत नव्हतं. तरी तो बघत राही. एकदा त्याने फक्त ओठ हलवले, "किती?" बाईंनी "अठरा" म्हटलं. मग तो गेला.

यादी छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: गणनेतल्या अचूकतेचं श्रेय विशेषतः गणकखोलीतल्या प्रमुख बाईंना. कुणी आलं-गेलं की बाईंची नणंद ते पान उघडून दाखवी. बाई दुसरीकडे बघत.

पंचेचाळीस वर्षं गेली. वर आकाशात फिरणारी यंत्रं तारे मोजू लागली, दुर्बिणीवर आच्छादन पडलं, गणकखोलीत सायकली ठेवायला लागले. बाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या. पायथ्याच्या त्याच दोन खोल्यांत त्या आणि नणंद अशा दोघी राहत. नणंद दोन वर्षांनी मोठी; तिला सोयीचं तेवढंच ऐकू येई आणि पत्त्यांत ती बिनदिक्कत लबाडी करी. संध्याकाळ झाली की बाई अजून पायऱ्यांकडे कान देऊन बसत. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. पावलं वाजावीत असं वाटायचं ते वाटायचंच.

एके दुपारी खरंच पावलं वाजली. तिशीतली एक चष्मेवाली मुलगी दारात उभी होती, पाठीवर पिशवी, हातात कागद.

"मॅडम, मी वेधशाळेतून आले. जुन्या यादीचं काम करते."

"बाई म्हण. मॅडम म्हटलं की मला मागे कोणी उभं आहे असं वाटतं," बाई म्हणाल्या. "बस."

मुलगी बसली आणि सरळ विषयावर आली. नव्या मोजमापांशी तिने जुनी यादी ताडून पाहिली होती. जुनी यादी अप्रतिम होती. बाकी पावणेचार हजारांवर ताऱ्यांचं सरकणं तिच्यावरून झकास निघत होतं. "पण एका हिवाळ्यातले तारे चुकतायत. सहाशे बेचाळीस. सगळे एकाच बाजूला, पूर्वेकडे सरकलेले. आणि जशी तारीख पुढे जाते तशी चूक वाढते. एवढे तारे मिळून एका दिशेला निघाले असं तर होणार नाही ना."

"नाही होणार," बाई म्हणाल्या.

"मूळ फिती असत्या तर बघता आलं असतं. त्या भिजून गेल्या म्हणे. कारण सापडलं नाही, तर तो हिवाळा वगळावा लागेल."

"वगळायचा म्हणजे?"

"म्हणजे यादीतून काढून टाकायचा. तेवढे तारे मोजलेच नाहीत असं धरायचं."

नणंद कोपऱ्यात पत्ते पिसत होती. प्रस्तावनेचं ते पान ज्या कपाटात होतं, त्याकडे बाईंनी एकवार पाहिलं. काही न बोलता मुलीला चहा देऊन वाटेला लावणं अगदी सोपं होतं. अचूकतेचं श्रेय राहिलं असतं, तो हिवाळा गेला असता. ज्या हिवाळ्यासाठी आपण नवरा घरी येऊ दिला नाही, तोच मोजलाच नाही असं धरायचं.

"कारण मी आहे," बाई म्हणाल्या.

सगळं सांगायला अर्धा तास लागला. मुलगी मधे एकदाच बोलली. "तुम्ही मुद्दाम चुकीचा आकडा लिहिलात?"

"रोज. एकशे सात रात्री." बाई उठल्या, कपाटातली निळी वही काढली. "खरे आकडे हे. तारखेवार. ते वजा कर, तारे जागेवर येतील."

मुलीने वही चाळली. "बाई, हे छापावं लागेल. तुम्ही केलं असं लिहून."

"लिही की. त्या वाक्यावर रेघ मार. एकच मार, खालचं दिसू दे." गणकखोलीचा तो जुना नियम होता: चुकीचा आकडा खोडायचा नाही, त्यावर एक रेघ ओढायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते पुढच्याला वाचता यावं. "फक्त तारे काढू नकोस. त्याचं बोट ऐकत नव्हतं, डोळा बरोबर होता."

मुलगी महिनाभराने परत आली, तेव्हा दारातूनच हसत होती. सहाशे बेचाळीसही जागेवर बसले होते. बाईंनी नुसती मान हलवली. नणंदेने मुलीला बसवून घेतलं आणि पत्ते वाटायला घेतले.

"एक विचारायचं होतं," मुलगी म्हणाली. तिने पिशवीतून वेधशाळेची रात्रवही काढली. ती जाडजूड वही बाईंच्या ओळखीची होती. कुठल्या रात्री कोण होतं, हवा कशी होती, ते निरीक्षक त्यात लिहून सही करी. "हवा थंड की गरम यावर ताऱ्याचा प्रकाश किती वाकतो ते ठरतं. म्हणून मी खालच्या विमानतळाची हवामानाची जुनी नोंद मागवली, रोजची. ती आणि ही वही ताडून पाहिली. बाकी सगळं जुळतं. पण काही रात्री आहेत, तुमच्या यजमानांनी 'ढग' लिहून सही केलीय, आणि विमानतळ म्हणतो आभाळ निरभ्र होतं. रात्रभर."

"चूक असेल विमानतळाची," बाई म्हणाल्या.

"एक-दोन असत्या तर म्हटलं असतं. सदतीस आहेत, पंधरा वर्षांत. बाकी कुणाच्या नावावर एकही नाही."

मुलीने तारखांचा कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावला. पहिली तारीख लग्नाला दोन महिने झाल्याची होती. एक त्यांच्या वाढदिवसाची. एक, सासूबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवसाची. पायऱ्या दोन-दोन करत चढणारी पावलं. ढग आले. मग पडदे, आधी पडदे. बाईंचं बोट कागदावरून हळूहळू खाली गेलं. शेवटच्या अकरा तारखा त्या शेवटच्या हिवाळ्यातल्या होत्या. बाई खोटे आकडे लिहून त्याला वर ठेवत होत्या, आणि पट्टा अपुरा असताना, बोट ऐकेनासं झालेलं असताना, तो स्वच्छ आभाळाकडे पाठ फिरवून खाली येत होता.

"मी एकदा बघितलं होतं," कोपऱ्यातून नणंद म्हणाली. तिला हे बरोबर ऐकू आलं होतं. "मी आलेले ना तुमच्याकडे राहायला. वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेले, तर हे एवढं चांदणं पडलेलं. मी म्हणणार होते, अरे ढग कुठायत, तर त्याने ओठावर बोट ठेवलं. म्हटलं, नवरा-बायकोचं असेल काही. तुला माहीत असेल असंच वाटलं मला."

"मी वर बघत नसे, वन्सं," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं बाईंना वाटत आलं होतं की आपल्या वाट्याला आलं ते ताऱ्यांच्या उष्ट्यातलं, आभाळाने नको म्हटलं तेवढं. सदतीस रात्री. त्यांना त्या सगळ्या आत्ताच्या आत्ता परत हव्या होत्या. निम्मे उरलेले बटाटे, ओढलेले पडदे, अंगठ्याखालची नाडी. त्यांनी डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं आणि तशाच बसून राहिल्या.

मुलीने रात्रवही उघडून पेन काढलं होतं. "तुमच्या आकड्यांवर रेघ मारून खरे लिहिलेत. मग या सदतीस रात्रींवरही... म्हणजे 'ढग' वर एक रेघ आणि बाजूला 'निरभ्र'. नियमाने तसं करायला हवं."

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज असा आला की नणंदेने पत्ते खाली ठेवले. "माझे आकडे खोटे होते, त्यांच्यावर खुशाल मार रेघा. या रात्रींना हात लावायचा नाही. ढग होते त्या रात्री. मी घरी होते, मला माहीत आहे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.